सगळं एका नंबरावर टांगलंय: आई-बाबांचा फोन नीट लावून द्यायची गाइड

इंदूरातल्या मराठी घरांमधे आता एक ठरलेलं चित्र आहे. पोरं पुण्याला नाहीतर बंगळूरला नोकरीला, आई-बाबा इकडे सुदामा नगरात नाहीतर लोकमान्य नगरात, आणि फोनचं काही अडलं की शेजारचा जो कोणी बारावीतला मुलगा असेल त्याला हाक. तो येतो, पाच मिनिटांत सगळीकडे "ओके, अलाउ, ओके" करून जातो, आणि कशाकशाला परवानगी दिली ते ना त्याला आठवत ना काकूंना. माझ्याकडे घरचे, मावशीकडचे आणि बिल्डिंगमधले बरेच फोन येतात लावायला, त्यातून जो क्रम बसलाय तो इथे लिहितेय. तुम्ही सुट्टीत घरी आलात की एक दुपार काढा आणि याच क्रमाने करा.

क्रमावर एवढा जोर का, तर बहुतेक लोक अँटीव्हायरस आणि पासवर्डपासून सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. पण आपल्याकडे बँक, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक), गॅस, गुगल, व्हॉट्सॲप हे सगळं एका मोबाइल नंबरावर टांगलेलं आहे. नंबर ज्याच्या हातात त्याला बाकी सगळ्याचे पासवर्ड नवे करून घेता येतात. म्हणून आधी नंबर, मग बाकीचं.

आधी हे जमवून बसा

- आधार कार्ड (ओरिजिनल) आणि त्याला कोणता नंबर जोडलाय ती माहिती
- फोनचं बिल आणि डबा. डब्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख असलेला नंबर असतो. डबा नसेल तर फोनवर *#०६# डायल करा, १५ आकडी नंबर दिसतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील, दोन्ही लिहा
- बँकेचं पासबुक आणि डेबिट कार्ड. कार्डाच्या मागे कस्टमर केअरचा खरा नंबर असतो, त्यासाठी
- एक साधी वही आणि पेन. हो, कागदाचीच. कपाटातली वही ऑनलाइन कोणी चोरत नाही
- आई-बाबा स्वतः. त्यांना बाजूला बसवून, त्यांच्याच बोटाने करून घ्या, नाहीतर तुम्ही परत गेल्यावर काही उपयोग नाही

१. नंबर नक्की कोणाच्या नावावर आहे ते बघा

हे कोणी बघतच नाही. कित्येक घरांत आजींचा नंबर गेलेल्या आजोबांच्या नावावर असतो, नाहीतर दहा वर्षांपूर्वी कोपर्‍यावरच्या दुकानदाराने कोणाच्यातरी कागदांवर काढून दिलेला असतो. चालू आहे तोवर कळत नाही. सिम हरवलं आणि डुप्लिकेट काढायला गेलात की कंपनी म्हणते ज्यांच्या नावावर आहे त्यांना आणा, आणि मग बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी सगळंच लटकतं. नाव बदलायचं तर कंपनीच्या स्टोअरमधे जाऊन करून घ्या, माणूस गेलेला असेल तर मृत्यू प्रमाणपत्र आणि ज्यांच्या नावावर करायचं त्यांचे केवायसीचे कागद लागतात.

उलटंही तपासायचं, म्हणजे आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेलं सिम कोणी काढलंय का. दूरसंचार विभागाचं संचार साथी नावाचं पोर्टल मे २०२३ मधे आलं, त्यावर स्वतःचा नंबर टाकून ओटीपी दिला की तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. अनोळखी दिसला तर तिथेच "माझा नाही" म्हणून कळवता येतं. मध्य प्रदेशात एका माणसाच्या नावावर ९ कनेक्शनपर्यंत चालतात, त्यामुळे एखादं जास्तीचं सिम आपोआप पकडलं जाईल या भरवशावर राहू नका. यासाठी ॲप टाकायलाच हवं असं नाही, ब्राउझरमधून पण होतं. (ते ॲप सगळ्या नव्या फोनमधे आधीच टाकून द्या असा आदेश सरकारने २०२५ च्या शेवटी काढला होता, ओरड झाली, आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच सक्ती मागे घेतली.)

आणि आधारला जोडलेला नंबर अजून चालू आहे ना? जुना नंबर रिचार्ज न करता सोडून दिला की तो बंद होतो आणि निदान ९० दिवसांनंतर दुसर्‍या कोणाला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या बँकेचे मेसेज उद्या उज्जैनच्या एखाद्या अनोळखी माणसाला जातील. नंबर सोडायचा असेल तर आधी बँक, आधार, गॅस, व्हॉट्सॲप सगळीकडून काढा, मगच रिचार्ज थांबवा. आधारमधला नंबर आधार केंद्रात जाऊन बदलून घेता येतो, फी ७५ रुपये, आणि पावती घ्यायचीच.

२. सिमला पिन, आणि कॉल फॉरवर्डिंग बंद

फोनला लॉक असला तरी चोर सिम काढून दुसर्‍या फोनमधे घालतो आणि ओटीपी तिकडे सुरू. यावर उपाय सिम पिन. सेटिंग्जमधे सिक्युरिटीत "सिम लॉक" शोधा. चालू करताना तो आधीचा डिफॉल्ट पिन मागतो, तो कंपनीला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका, कारण तीन वेळा चुकला की सिम लॉक होतं आणि ते उघडायला पीयूके नावाचा कंपनीचा कोड लागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. नवा पिन वहीत लिहा, कारण फोन बंद करून चालू केला की तो दरवेळी मागणार आणि आईचा पहिला फोन तुम्हालाच येणार.

मग फोनच्या कॉल सेटिंग्जमधे जाऊन कॉल फॉरवर्डिंग बघा. "मैं कूरियर से बोल रहा हूँ, यह नंबर डायल कर दीजिए" असं सांगून स्टार चारशे एकने सुरू होणारा कोड डायल करायला लावतात आणि तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात, ओटीपीचे कॉल सुद्धा. एप्रिल २०२४ पासून सरकारने कंपन्यांना कोड डायल करून फॉरवर्डिंग लावायची सेवा बंद ठेवायला सांगितलं, पण आधीच लावलेलं राहिलं असेल तर? एकदा डोळ्यांनी बघा. "नेहमी फॉरवर्ड करा" याच्या पुढे कुठला नंबर दिसला तर बंद करा.

घरी नीट रेंज असताना अचानक तासभर नेटवर्क गेलं आणि शेजार्‍यांचं चालू आहे, तर दुसर्‍या फोनवरून लगेच कंपनीला विचारा की माझं सिम बदललंय का.

३. स्क्रीन लॉक

पॅटर्न नको, सहा आकडी पिन ठेवा, आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४५६ यातलं काही नको. बाबांना बोट लावून उघडायचं असेल तर चालेल, पण वयस्कर लोकांचे ठसे कधीकधी घेत नाही, तेव्हा दोन-तीन बोटं नोंदवून ठेवा. लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे नोटिफिकेशन. लॉक असलेल्या स्क्रीनवरही मेसेज अख्खा दिसतो, म्हणजे ओटीपी पण दिसतो. सेटिंग्जमधे लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवायचा पर्याय असतो, तो लावा.

४. गुगल अकाउंट

हे पटकन होतं. अकाउंटमधे सिक्युरिटी चेकअप उघडा, ओळखीची नसलेली उपकरणं काढा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, रिकव्हरीला तुमचा स्वतःचा नंबर घाला. बॅकअप कोड मिळतात, दहा असतात, ते वहीत उतरवा. बर्‍याच घरांत आईच्या फोनवर दुकानदाराने स्वतःच बनवून दिलेलं जीमेल असतं आणि पासवर्ड फक्त त्याला माहीत. असं असेल तर आजच पासवर्ड बदला, रिकव्हरीत त्याचा नंबर असेल तर काढा.

५. व्हॉट्सॲप

इथे वेळ द्या, कारण आपल्या लोकांचं सगळं आयुष्य इथे आहे, गणपतीच्या वर्गणीपासून भिशीपर्यंत.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा, सिम पिनपेक्षा वेगळा. मग लिंक्ड डिव्हायसेस उघडा. तिथे एखादा कॉम्प्युटर दिसला जो घरात नाही, तर लॉगआउट. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब लावलं आणि तसंच चालू राहिलं, असं खूपदा सापडतं. कोणी म्हणालं की हा आठ अक्षरांचा कोड तुमच्या व्हॉट्सॲपमधे टाका, तर समजा तो त्याचा कॉम्प्युटर तुमच्या अकाउंटला जोडतोय.

प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो आणि ग्रुपमधे कोण घालू शकतं हे दोन्ही "माझे कॉन्टॅक्ट्स" करा. नाहीतर रोज शेअर मार्केटच्या नव्या ग्रुपमधे बाबा, आणि तिथे सगळे जण आज किती कमावले ते सांगतायत. ती सगळी मंडळी एकाच टोळीची असतात.

आता सगळ्यात मोठी कटकट, एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येऊन फोनमधे ॲप घालणारी फाइल. लग्नाची पत्रिका म्हणून येते, ट्रॅफिकचं चलान म्हणून येते, पीएम किसान म्हणून येते, आणि बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडून येते कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, ती कधी "इन्स्टॉल" करावी लागत नाही, एवढं एक वाक्य आईला पाठ करून द्या. आणि पाठांतरावर विसंबून न राहता सेटिंग्जमधे "इन्स्टॉल अननोन ॲप्स" शोधून व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स तिन्हींना बंद करा. व्हॉट्सॲपचं मीडिया ऑटो-डाउनलोड पण बंद, स्टोरेज वाचतं तो बोनस. चलान खरं आहे का बघायचं तर परिवहनची सरकारी साइट स्वतः उघडून गाडीचा नंबर टाकायचा, मेसेजमधल्या लिंकवरून जायचं नाही.

६. यूपीआय आणि बँक

पेन्शनचं किंवा एफडीचं खातं यूपीआयला जोडूच नका. त्याच बँकेत नाहीतर दुसर्‍या बँकेत एक छोटं बचत खातं उघडा, महिन्याच्या भाजी-किराण्याचे पैसे त्यात टाका आणि यूपीआय फक्त त्याला जोडा. बाकी सगळे सल्ले विसरले तरी एवढं केलंत तर नुकसान त्या छोट्या खात्यापुरतंच राहतं.

यूपीआय पिन पैसे *द्यायला* लागतो (आणि शिल्लक बघायला). पैसे *मिळवायला* पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा विकायला टाकला आणि "आंटी, पेमेंट भेज रहा हूँ, बस पिन डाल दो" असा फोन आला, तर फोन ठेवायचा. माणसाने माणसाकडे पैसे मागायची यूपीआयवरची कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, पण दुकानदारांकडून रिक्वेस्ट अजून येऊ शकते, म्हणून स्क्रीनवर नाव वाचायची सवय हवीच. ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचा विभाग उघडून तिथे काय-काय दरमहा कापलं जातंय तेही बघा.

बँकेचा फोन खरा की खोटा? आता बँकांनी व्यवहार आणि सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणार्‍या नंबरांवरून करायचे आहेत, जाहिरातीचे १४० वरून. साध्या दहा आकडी मोबाइलवरून "एसबीआय हेड ऑफिस से" म्हटलं की तिथेच शंका घ्या. मेसेजमधेही पाठवणार्‍याच्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं, पी म्हणजे प्रमोशन, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. साध्या मोबाइल नंबरावरून "आज रात बिजली कट जाएगी" आलं तर ते वीज कंपनीचं नाही. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, खोटे नंबर तिथेच पेरलेले असतात, कार्डाच्या मागचा वापरा.

एनीडेस्क, टीमव्यूअर ही दुसर्‍याला तुमची स्क्रीन दाखवणारी ॲप्स फोनमधे असतील तर काढून टाका. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमधे पण स्क्रीन शेअर होते, हे बर्‍याच जणांना माहीत नसतं.

७. ओटीपी कोणाला द्यायचा, आणि आधार-समग्रचे कागद

"ओटीपी कोणालाच सांगू नका" हा सल्ला ऐकायला छान आहे पण आपल्या इंदूरात तो एक दिवस पण चालत नाही. समग्रची ई-केवायसी करायला एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणार्‍या दुकानात जा, तो ओटीपी मागतो. सिलिंडरवाला दारात कोड मागतो. पार्सलवाला मागतो. मग आई म्हणते सगळ्यांना देतेच आहे, यालाही दिला. म्हणून घरात मी दुसरा नियम लावलाय: मेसेज अख्खा मोठ्याने वाचायचा, मग ठरवायचं. ओटीपीच्या मेसेजमधे तो कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. आपण स्वतः त्या कामाला गेलोय किंवा आपलीच वस्तू घेऊन माणूस दारात उभा आहे, आणि मेसेजमधे तेच काम लिहिलंय, तर द्या. फोनवरून कोणी मागत असेल तर नाही. मेसेजमधे रक्कम लिहिली असेल, किंवा बँकेचं, व्हॉट्सॲपचं नाव असेल, तर समोर कोणीही असो, नाही.

आता कागद. कियॉस्कवाल्याला आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की तो त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमधे जाऊन बसतो, आणि तिथे आधीच अख्ख्या कॉलनीचे आधार पडलेले असतात. माणूस वाईट नसतो हो, त्याला डिलीट करायला वेळ नसतो. तुम्ही तुमच्याकडून मेसेज डिलीट केला तरी उतरवलेली फाइल तिथेच राहते. म्हणून:

- आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. हॉटेल, सोसायटीचा फॉर्म, भाडेकरार अशा ठिकाणी आधी हेच द्या. काही ठिकाणी पूर्णच लागतं, तिथे मात्र वाद घालून उपयोग नसतो
- त्या पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमधे आणि जन्मसाल. दुकानात पासवर्ड ओरडून सांगू नका, कीबोर्ड पुढे ओढून स्वतः टाका
- झेरॉक्सवर आडवं लिहा: कशासाठी, कोणत्या तारखेला, आणि सही. अक्षरं फोटोवर आणि आकड्यांवर थोडी चढतील अशी
- प्रिंट झाल्यावर तिथेच उभं राहून "भिया, डाउनलोड में से भी हटा दो, और रिसाइकल बिन भी" म्हणा. हसत म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही
- खराब निघालेली झेरॉक्स तिथे सोडू नका. तिच्या मागच्या कोर्‍या बाजूवर उद्या दुसर्‍याची प्रिंट निघते

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आधारच्या ॲपमधून किंवा साइटवरून होतं. बोटाच्या ठशावर पैसे काढायची सोय गावोगावी आहे आणि ठसे चोरून पैसे काढल्याचे प्रकार झालेत. रेशन किंवा सिमसाठी अंगठा द्यायचा असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. आधारची मदत १९४७ वर.

८. घाबरवणारे कॉल

सीबीआय, कस्टम, मुंबई पोलीस, पार्सलमधे ड्रग्ज, व्हिडिओ कॉल चालू ठेवा, खोलीबाहेर जाऊ नका. कायद्यात "डिजिटल अरेस्ट" असा प्रकारच नाही, ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमधे पंतप्रधानांनी सुद्धा हे सांगितलं होतं, आणि हा दाखला आपल्याकडच्या काकांना इतर कशापेक्षा लवकर पटतो असा माझा अनुभव आहे. नातवाच्या आवाजात "आजी, ॲक्सिडेंट झाला, पैसे पाठव" असाही कॉल येतो, आवाज हुबेहूब बनवता येतो आता. घरातल्या घरात एक परवलीचा शब्द ठरवा, जुन्या वाड्यातल्या मांजराचं नाव वगैरे. फोनवर पैसे मागणार्‍याला तो विचारायचा.

९. रिपेअर आणि जुना फोन

जेल रोडला डिस्प्ले बदलायला दिला की दुकानदार पिन मागतो, टच तपासायला. काही फोनमधे, सॅमसंगमधे वगैरे, मेंटेनन्स मोड असतो, तो लावला की तुमचे फोटो-मेसेज त्याला दिसत नाहीत. नसेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, यूपीआयची ॲप्स काढून टाका आणि शक्यतो समोर बसून करून घ्या, तोवर चहा मिळतोच.

फोन विकायचा किंवा एक्सचेंजला द्यायचा असेल तर बॅकअप, मग गुगल अकाउंट फोनमधून काढणं, आणि मगच फॅक्टरी रिसेट. अकाउंट न काढता रिसेट केला तर पुढच्या माणसाला तो उघडणार नाही असं होऊ शकतं आणि तो तुम्हालाच फोन करत बसतो. सेकंडहँड *घेताना* संचार साथीवर आयएमईआय टाकून बघा, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर दिसतो.

१०. फोन चोरीला गेला किंवा पैसे गेले तर

रंगपंचमीच्या गेरमधे (रंगांच्या मिरवणुकीत) आणि अनंत चतुर्दशीच्या झांकीत (देखाव्यांच्या मिरवणुकीत) खिशातून फोन जाणं नवं नाही, त्यामुळे हे आधीच वाचून ठेवा.

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३०, कोणाच्याही फोनवरून. लाज वाटून संध्याकाळपर्यंत थांबू नका, पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत कळवलं तर अडवता येतात. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ जवळ ठेवा. मग बँकेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय बंद.

फोन गेला असेल तर या क्रमाने:

- कंपनीला फोन करून सिम बंद, मग ओळखपत्र घेऊन त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम. नव्या सिमवर सुरुवातीचे २४ तास एसएमएस येत नाहीत, बिघडलंय समजून परत दुकानात जाऊ नका
- गुगलच्या फाइंड हबवरून फोन लॉक करा. इरेज लगेच करू नका, केलं की लोकेशन दिसायचं बंद होतं
- पोलीस ठाण्यात तक्रार, आणि तिची प्रत मागून घ्या. तक्रारीत आयएमईआय लिहिलाय ना ते तिथेच वाचून बघा
- संचार साथीवर फोन ब्लॉक करण्याचा फॉर्म. तक्रारीची प्रत, बिल, ओळखपत्र आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो. ब्लॉक झाला की तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही

फॉर्म भरल्यावर एक रिक्वेस्ट आयडी मिळतो, त्याचा स्क्रीनशॉट तुमच्याकडे आणि एक घरातल्या दुसर्‍या कोणाकडे पाठवा. फोन सापडला तर आधी पोलिसांना कळवायचं, मग याच आयडीने पोर्टलवर अनब्लॉक करायचं. अनब्लॉक न करता सिम घातलं तर नेटवर्क येणार नाही आणि तुम्ही उगाच रिपेअरवाल्याकडे पैसे घालाल.